स्त्रीचित्रांचीं नांवें व त्यांची पारख

जुन्या चित्रांचा संग्रह करणाऱ्या मंडळींस एक खोड जडलेली असते. निनांवी स्त्रीचित्र हातीं आलें कीं त्याच्या पाठीवर कोणाचें तरी नांव लिहिल्याशिवाय त्यांस चैन पडत नाहीं. घोड्यावर बसलेली व मनगटावर ससाणा घेतलेली स्त्री दिसली कीं ती चांदबिबी. विडा किंवा फूल हातीं धरलेली नाजूक स्त्री दिसली कीं ती मस्तानी. पांढरें वस्त्र व हातीं शिवलिंग दिसलें कीं अहल्याबाई. पुरुषांच्या चित्रांबाबत अशी घाई होत नाहीं असें नव्हे. परंतु तेथें पागोट्याची बांधणी, मिशांचें वळण, कट्यारीची मूठ, हाशियावरील फारसी शेरा इत्यादि साधनें पडताळ्यास असतात. स्त्रियांच्या चित्रांत हीं साधनें तोकडीं पडतात व मग मुद्रेवरील भावावरूनच नांव ठरविण्याची रीति पडते. मुद्रा शांत आहे, ओठांच्या कोपऱ्यांत किंचित् समाधान आहे, नजर ढळलेली नाहीं. तेव्हां ही कोणी तरी थोर व मनस्वी स्त्री असली पाहिजे, असा तर्क चालतो. पुढें त्याच तर्कानें मिळालेल्या नांवाच्या आधारें मुद्रेचें वर्णन होतें, व अमुक राणीची निश्चयी वृत्ति चित्रकारानें कशी हुबेहुब उतरविली आहे असें छापून येतें. म्हणजे मुद्रेवरून नांव आणि नांवावरून मुद्रा! असलें प्रमाण आपण एखाद्या सनदेच्या बाबतींत क्षणभरही चालवून घेणार नाहीं.

स्त्रीच्या अंतरींचा संथ आनंद व तिच्या ठिकाणचें धैर्य हीं चित्रांत उतरतच नाहींत असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. उतरतात, आणि उतरलीं म्हणजे त्या चित्रापुढून हलवत नाहीं. परंतु तो भाव वाचण्यापूर्वीं समोर कोण बसलें होतें, काढणारा कोण होता व काढून झाल्यावर चित्र कोणाच्या हातून कोणाच्या हातीं गेलें हें पाहणें अवश्य आहे. हस्तलिखित पोथीची परीक्षा करतांना पुष्पिका, अक्षराचें वळण आणि मालकीची परंपरा आपण पाहतों. त्याहून हें निराळें नाहीं. कांहीं निवडक चित्रांस ही कसोटी लावून पाहण्याचें येथें योजिलें आहे.

आरंभ जवळच्याच पोथीनें करूं. पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहीं ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ ही सचित्र फारसी पोथी आहे. अहमदनगरचा सुलतान पहिला हुसेन निजामशहा (राज्यकाल इ. स. १५५३ ते १५६५) याच्या स्तुतीपर हें काव्य आफताबी या कवीनें रचिलें. सुलतानाची थोरवी, त्याची बेगम खुंझा हुमायून हिचें सौंदर्य, आणि २३ जानेवारी १५६५ रोजीं, म्हणजे शके १४८६ त, विजयनगरच्या रामरायाविरुद्ध झालेल्या तालिकोटच्या युद्धांतील विजय हे त्याचे विषय होत. विजयानंतर कांहीं महिन्यांतच हुसेन वारला. सबब पोथी १५६५ च्या सुमाराची धरितात. दख्खनी चित्रकलेचे जे सर्वांत जुने नमुने आज उपलब्ध आहेत त्यांत हिची गणना होते. १९८७ सालीं कुलकर्णी व माटे यांनीं संपादिलेली ही पोथी मंडळानें प्रसिद्ध केली, त्यामुळें पुण्यास न येतांही अभ्यासकांस ती पाहतां येऊं लागली.

या पोथींतील चित्रांत सुलतानाशेजारीं बेगम बसलेली दाखविलेली होती. होती, असें म्हणण्याचें कारण, बहुतेक चित्रांतून तिची आकृति मागाहून कोणी तरी रंग चढवून पुसून टाकिली आहे. सिंहासन आहे, सुलतान आहे, चवऱ्या ढाळणाऱ्या व विडे देणाऱ्या दासी आहेत. आणि जिच्या स्तुतीसाठीं कवीनें एवढीं कवनें रचलीं तिच्या जागीं रंगाचा एक डाग आहे. सुलतान एका बाजूस कललेला दिसतो, पण तो कोणाकडे कलला आहे तें आतां चित्र सांगत नाहीं. मुसलमानी दरबारच्या त्या काळच्या चित्रांत राणीस सुलतानाच्या इतकें निकट बसविणें हीच मोठी नवलाची गोष्ट होती. व तेंच पुढें कोणास सलले असावें.

पुसण्याचें कारण काय? हुसेन वारल्यावर मुलगा मुर्तजा अल्पवयी होता म्हणून राज्यकारभार खुंझा हुमायून हिनें आपल्या हातीं घेतला व सुमारें चार वर्षें चालविला. १५६९ त मुर्तजानें आईस पदच्युत करून कैदेंत टाकिलें. या घटनेशीं आकृति पुसण्याचा संबंध जोडण्याकडे विद्वानांचा कल आहे. उलट पक्षीं, पडदानशीन राणीचें चित्र पोथींत असूं नये अशा मर्यादेच्या कल्पनेनें तें पुढें कोणा मालकानें पुसलें असेल, असाही तर्क कोणी करील. हा दुसरा पक्ष अगदींच टाकाऊ नाहीं. दासींची मर्यादा ती काय, असें पुसणारास वाटणें शक्य आहे. तथापि आमचा कौल पहिल्या पक्षास आहे. मर्यादेचा प्रश्न असता तर बेगमेच्या अवयवांच्या सौंदर्याचें वर्णन करणाऱ्या ओळी आधीं गेल्या असत्या. त्या राहिल्या व चित्रें गेलीं. शब्दांतील स्त्री कवींच्या नेहमींच्या उपमांनीं घडविलेली, कोणासही लागू पडणारी. सिंहासनावर बसलेली स्त्री मात्र एकच, आणि तीच राज्य करीत होती. पुसणारानें सौंदर्य पुसलें नाहीं, आसन पुसलें, असें आम्हांस वाटतें.

याच पोथींत एक चित्र अगदीं शाबूत आहे व तें आमच्या प्रतिपादनास फार उपयोगी आहे. स्त्रीच्या स्पर्शानें वृक्षास बहर येतो हा आपल्या संस्कृत कवींचा दोहदाचा संकेत. फारसी पोथींत, निजामशाही दरबारीं, हा संकेत चित्ररूपानें यावा हें दख्खनच्या मातीचेंच वैशिष्ट्य होय. या चित्रांतील स्त्रीवर कोणी हात चालविला नाहीं. तिच्या ठायीं आनंद आहे, पण तो वसंताचा आनंद आहे. तिला नांव नाहीं व नांवाची गरजही नाहीं. ती नायिका आहे. खुंझा हुमायून ही मात्र व्यक्ति मानली गेली म्हणून पुसली गेली. चेहऱ्याचें साम्य त्या चित्रांत कितपत होतें हा प्रश्न निराळा. जनानखान्यांतील बेगम चित्रकारापुढें तासन्तास बसली असेल हें संभवत नाहीं, आणि सर्व स्त्रियांचे चेहरे त्या शैलींत जवळ जवळ एकाच सांच्याचे आहेत. तेव्हां तेथें ओळख मुखावरून नव्हे, तर बसण्याच्या जागेवरून होती. व तीच जागा चित्रकारानें तिला दिली आणि दुसऱ्या कोणीं काढून घेतली. ज्या चित्रांत तिच्या आकृतीची बाह्यरेषा रंगाखालून अजून जाणवते, तीं पाहून तिची मुद्रा कशी असेल याची कल्पना करण्याचा मोह होतो. तो आवरावा हें बरें.

चांदबिबी ही याच खुंझा हुमायूनची कन्या. विजापूरच्या अली आदिलशहाशीं तिचा विवाह झाला. १५८० त तो मारला गेल्यावर तिनें विजापुरीं अल्पवयी इब्राहिमाच्या वतीनें कारभार पाहिला, व पुढें १५९५–९६ त अकबरपुत्र मुराद याच्या फौजेविरुद्ध अहमदनगरचा किल्ला लढविला. १६०० त स्वकीयांच्याच हातून तिचा अंत झाला. आईचें चित्र पुसलें गेलें आणि मुलीचीं चित्रें मात्र एवढीं निघालीं कीं मोजतां येत नाहींत! ससाणा घेऊन घोडा फेंकणारी चांदबिबी हा विषय दख्खनी चित्रकारांस इतका आवडला कीं त्याच्या प्रतींवर प्रती निघाल्या व आज त्या देशोदेशींच्या संग्रहालयांत विखुरल्या आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत एक आहे, ती सुमारें १७०० ची मानतात. म्हणजे चांदबिबीच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनीं काढलेली. बाकीच्यांपैकीं बहुतेक अठराव्या शतकांतील आहेत.

हीं चित्रें वाईट आहेत काय? मुळींच नाहींत. घोडा भरधांव आहे, वस्त्रें वाऱ्यावर उडत आहेत, कुत्रे व सेवक मागें धांवत आहेत, आणि या सर्व धांवपळींत घोड्यावरील स्त्रीचा हात व चेहरा तेवढा निश्चल आहे. ससाणा ज्या मनगटावर बसतो तें हलून चालत नाहीं हें शिकारीचें तंत्रच आहे; तें हेरून चित्रकारानें त्यांतूनच तिचें धैर्य सुचविलें. ही युक्ति उत्तम. परंतु फिरिस्त्यानें वर्णिलेली चांदबिबी तटाच्या खिंडारापाशीं तोंडावर बुरखा घेऊन व हातीं तलवार घेऊन उभी राहिली होती. जिनें लढाईच्या ऐन गर्दींतही मुख झांकलें, तिचें उघडें मुख शंभर दीडशें वर्षांनंतरच्या चित्रकारास कोठून मिळालें? तें त्यास कीर्तींतून मिळालें. अशा चित्रांस ‘चांदबिबीचें चित्र’ न म्हणतां ‘चांदबिबीच्या कीर्तीचें चित्र’ म्हणावें, म्हणजे त्यांची योग्यता कमी न होतां त्यांचा काळ नीट ध्यानांत येतो. मस्तानीच्या नांवानें छापलीं जाणारीं चित्रें तर याहूनही खालच्या पायरीवर आहेत. समकालीन लेखी शेऱ्याचा आधार दाखविल्यावांचून तीं नायिकाचित्रें समजावीं. किशनगडच्या ‘बनीठनी’ची गोष्ट प्रसिद्धच आहे, अठराव्या शतकांत निहालचंदाच्या कुंचल्यानें जो लांबट डोळ्यांचा चेहरा रूढ केला, तो पुढें राधेचा म्हणून इतका पसरला कीं त्यामागें कोणी खरी स्त्री असली तरी ती त्या शैलींत विरघळून गेली.

याच्या उलट प्रकार, म्हणजे खऱ्या स्त्रिया समोर असूनही त्यांचीं नांवें हरविल्याचा, म्हैसुरास घडला. टॉमस हिकी या आयरिश चित्रकारानें १८०५ च्या सुमारास काढलेलें तीन स्त्रियांचें एक मोठें तैलचित्र आहे. अंगभर दागिने, जरीचीं लुगडीं, आणि अनोळखी पुरुष चित्रकारापुढें संकोच न बाळगतां उभें राहण्याची ढब. एवढ्यावरून या नाचणाऱ्या बायका किंवा गणिका असाव्या असें बहुत काळ समजलें जाई. केंब्रिजचे इतिहासज्ञ नायजेल चॅन्सेलर यांनीं २००१ सालीं निराळें अनुमान मांडलें. त्यांच्या मतें या म्हैसूरच्या राजघराण्यांतील स्त्रिया होत: बालराजे तिसरे कृष्णराज वडियार यांच्या दोन राण्या, व मधली राजाची आजी लक्ष्मम्मण्णी. टिपूच्या पाडावानंतर १७९९ त राज्य परत मिळविण्यांत जिचें कर्तृत्व मोठें, तीच ही आजी. एकीनें पदर बाजूस सारून दंड उघडा दाखविला आहे, तो देवी टोंचल्याची जागा दाखविण्यासाठीं. दुसरीच्या नाकातोंडाभोंवतीं त्वचेचा रंग फिका दिसतो, तो जुन्या पद्धतीनें देवी काढून घेतल्याची खूण म्हणून. जेन्नरची लस हिंदुस्थानांत येऊन त्या वेळीं अवघीं तीन वर्षें झालीं होतीं, व गाईच्या रोगापासून निघालेलें द्रव्य अंगांत घेण्यास लोक कचरत. राजस्त्रियांनींच टोंचून घेतलें हें दिसावें म्हणून चित्र काढविलें असावें, असा हा तर्क.

अनुमान अनुमानच आहे. पण तें मान्य केल्यास त्याच मुद्रा किती निराळ्या वाचाव्या लागतात पाहा. ज्या नजरेस पूर्वीं धीटपणा म्हटलें गेलें तीच आतां राजस्त्रीची स्वस्थता होते. जो उघडा दंड शृंगाराचा वाटे तो प्रजेस दिलेला दिलासा ठरतो. चित्रांतील एक रेघही बदललेली नाहीं. ज्यांनीं प्रथम ‘नाचणाऱ्या बायका’ म्हणून नोंद केली त्यांचे डोळे वाईट नव्हते. नोंद करणारानें माहितीची उणीव मुद्रेनें भरून काढिली, इतकेंच.

आतां ज्या चित्राकरितां हा सर्व प्रपंच मांडला त्याकडे वळतों. म्हैसुरासच जगन्मोहन राजवाड्यांत, १८६१ त बांधलेल्या व १९१५ पासून चित्रशाळा म्हणून चालत आलेल्या वास्तूंत, हातांत दिवा घेतलेल्या एका स्त्रीचें चित्र आहे. दिव्याच्या ज्योतीपुढें तिनें दुसरा हात आडवा धरला आहे. उजेड बोटांतून झिरपून बोटें लालसर झालीं आहेत, व खालून वर येणारा तोच उजेड मुखावर पसरला आहे. इंग्रजींत त्यास ‘ग्लो ऑफ होप’ म्हणतात. लोक नुसतें ‘दिवा घेतलेली बाई’ म्हणतात. दालनांतील उजेड मंद ठेवून तें दाखविण्याचा प्रघात पडल्यामुळें पाहणारास प्रथम दिवाच पेटलेला आहे असा भास होतो. आणि दहांतील निदान पांच जण तें रविवर्म्याचें म्हणून सांगतात!

तें रविवर्म्याचें नव्हे. तें सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचें होय. हळदणकर हे सावंतवाडीचे. जन्म २५ नोव्हेंबर १८८२ चा. संस्थानच्या साह्यानें ते १९०३ त मुंबईच्या जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत दाखल झाले, १९०८ त त्यांनीं मुंबईंत स्वतःची चित्रकलेची संस्था काढली, आणि १९१८ त ‘आर्ट सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापणाऱ्या मंडळींत ते होते. ३० मे १९६८ रोजीं ते वारले. जलरंग हें त्यांचें खास क्षेत्र. प्रस्तुत चित्र १९४५–४६ चें. समोर उभी असलेली स्त्री म्हणजे त्यांची तिसरी कन्या गीता, पुढें उपळेकर. दिवाळींत मुलीच्या हातीं दिवा पाहून बापाच्या मनांत हा विषय आला व त्यानें तिला सुमारें तीन तास तशीच उभी केलें, अशी हकीकत घराण्यांत सांगत आले आहेत, व गीताबाईंनीं ती वर्तमानपत्रांस वेळोवेळीं सांगितली. २ ऑक्टोबर २०१८ रोजीं कोल्हापुरीं वयाच्या १०२ व्या वर्षीं त्या वारल्या. योगायोग असा कीं रविवर्म्याच्या निधनाची तारीखही २ ऑक्टोबरच आहे, सन १९०६. कोणी आतां यावरूनही कांहीं सिद्ध करूं नये म्हणजे झालें.

कर्तृत्वाचा निर्णय कसा करावयाचा हें थोडें विस्तारानें सांगतों, कारण येथें चुकीच्या मार्गानें बरोबर उत्तर काढणारेही पुष्कळ भेटतात. कोणी म्हणतात कीं चित्र जलरंगाचें आहे व रविवर्मा तैलरंगाचा, म्हणून तें त्याचें नव्हे. हें प्रमाण लंगडें आहे. रविवर्म्याचा आरंभींचा अभ्यास जलरंगांतच झाला होता. कोणी म्हणतात कीं कृत्रिम उजेडाचे खेळ रविवर्म्यास अपरिचित होते. हेंही खरें नाहीं. चांदण्यांत बसलेली स्त्री त्यानेंही रंगविली आहे. लुगड्याच्या नेसणीवरून ही मराठी, म्हणून चित्रकार मराठी, हा तर्क तर अगदींच पोकळ. मराठी नेसणीची आवड रविवर्म्यास किती होती हें त्याच्या पौराणिक नायिकांकडे पाहून कोणासही कळेल. निर्णायक प्रमाणें दोनच. चित्राचा काळ रविवर्म्याच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांचा आहे. आणि जी समोर उभी राहिली तिचीच साक्ष आहे. आपल्या विषयांत इतकी प्रत्यक्ष साक्ष वारंवार मिळत नाहीं. खुंझा हुमायून कोणापुढें बसली होती काय, हें विचारण्यास आज कोण आहे?

मग चुकीचें नांव एवढें रूढ कां झालें? याचीं कारणें तीन पिढ्या मागें जातात. १८७३ त मद्रासच्या प्रदर्शनांत केंसांत मोगऱ्याची माळ घालणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्रास सुवर्णपदक मिळालें तेव्हांपासून रविवर्मा म्हणजे स्त्रियांचीं चित्रें हें समीकरण बनलें. १८९३ त शिकागोस त्यानें निरनिराळ्या समाजांतील स्त्रियांचीं दहा चित्रें पाठविलीं. १८९४ त त्याचा शिळाछापखाना मुंबईंत निघाला, पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, आणि तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती मराठी घराघरांतील भिंतींवर चढल्या. परिणामीं, रंगीत सुंदर स्त्रीचित्र तें रविवर्म्याचें, असा बोलण्याचा परिपाठच पडला. त्यांत म्हैसूरच्या त्याच चित्रशाळेंत रविवर्म्याचीं अस्सल चित्रें टांगलेलीं. आणि दिवा घेतलेल्या बाईच्या छापील नकला दिनदर्शिकांवर व दुकानांतून चित्रकाराच्या नांवावांचून फिरूं लागलेल्या. निनांवी अभंगास एखाद्या थोर संताची नाममुद्रा जशी आपोआप चिकटते तसें झालें. पोथ्या लिहिणारानें तें लबाडीनें केलेलें नसतें, भक्तीनें केलेलें असतें. म्हणूनच तें पुसण्यास कठीण.

या चुकीनें रविवर्म्याचें कांहीं वाढत नाहीं. त्याच्या कीर्तीस उसन्या चित्राची गरज नाहीं. हळदणकरांचें मात्र सर्वांत मोठें काम जातें. आणि आणखी एक वस्तु जाते ती आमच्या मतें अधिक मोलाची आहे. चित्र रविवर्म्याचें धरलें कीं समोरची स्त्री कोणी तरी भाडोत्री बैठक देणारी, अथवा कल्पनेंतील सुंदरी ठरते. ती चित्रकाराची मुलगी आहे हें कळतांच मुद्रेचा अर्थ स्थिर होतो.

हें कसें, तें पाहूं. आपल्याकडील प्रतिष्ठित घरांतील स्त्रीचें मुख परक्या चित्रकारास निवांतपणीं पाहावयास मिळत नसे. जें मिळे तें दरबारी थाटांतलें, दागिन्यांनीं मढविलेलें, कोणी तरी पाहत आहे याची जाणीव असलेलें. मुंबईच्या कलाशाळेंतून प्रत्यक्ष समोर माणूस बसवून चित्र काढण्याचें शिक्षण मिळूं लागल्यावरही प्रश्न सुटला नाहीं. महादेव विश्वनाथ धुरंधरांनीं १९२० त प्रसिद्ध झालेल्या ऑटो रॉथफेल्ड यांच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या ग्रंथास रंगीत चित्रें दिलीं. त्यांचें निरीक्षण अतिशय सूक्ष्म, पण त्या ग्रंथाची मांडणीच अशी कीं प्रत्येक स्त्री एका जातीची वा प्रांताची प्रतिनिधि म्हणून उभी आहे, स्वतःच्या नांवानें नव्हे. मार्ग निघाला तो घरांतूनच. गोंव्यांतील सांगें येथें १८७० त जन्मलेले आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांच्या कित्येक चित्रांस त्यांच्या पत्नीनें बैठक दिली, आणि त्या चित्रांत स्त्री प्रथमच कोणासाठीं न सजतां विसावलेली दिसते. हळदणकरांची कन्या दिवा घेऊन उभी आहे ती बापापुढें. तिला शोभून दिसावयाचें नाहीं, दिवा विझूं द्यावयाचा नाहीं एवढेंच तिचें काम. आणि तेंच तिच्या चेहऱ्यावर आहे.

२०१८ त वय १०२ वर्षें म्हणजे चित्राच्या वेळीं त्या तिशीच्या घरांत होत्या. ही बारीकशी गणना आम्हांस महत्त्वाची वाटते. लोक त्या आकृतीस ‘मुलगी’ म्हणतात, पण ती पोरसवदा नव्हे. संसाराचें वय झालेली स्त्री आहे. तिच्या मुखावरील समाधान अजाणपणाचें नाहीं.

कारागिरीविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. पारदर्शक जलरंगांत उजेड वरून घालतां येत नाहीं. कागदाचा पांढरेपणा हाच उजेड. तो राखून भोंवतालचा काळोख एकावर एक पातळ थर देऊन गडद करीत न्यावयाचा. तैलरंगांत चुकलेली जागा खरवडून पुन्हां रंगवितां येते, येथें चूक झांकत नाहीं. मुखावरील जो भाग ज्योतीनें सर्वांत उजळ झाला आहे तेथें चित्रकाराचा हात सर्वांत कमी लागलेला असतो. तेव्हां कोठें थांबावयाचें हें आधीं ठरवूनच हात उचलावा लागतो, आणि तीन तास उभी असलेली व्यक्ति थकून तिच्या मुद्रेंत फरक पडण्यापूर्वीं मुख तरी साधून घ्यावें लागतें. या चित्रांतील शांतपणाचें श्रेय आम्ही म्हणूनच दोघांस वांटून देतों. दिवा धरणारीनें हात स्थिर ठेविला, तसाच रंगविणारानेंही.

संग्राहकांस दोन विनंत्या आहेत. दख्खनी वा अन्य पोथींत एखादी आकृति पुसलेली, रंग चढविलेली किंवा खरवडलेली आढळल्यास ‘मूळ चित्र उघडें करण्याच्या’ हौसेनें तिला हात लावूं नये. तो वरचा रंग हाही कागदपत्रच आहे, आणि कोणीं, केव्हां, कां पुसलें हें एखादे वेळीं त्याच थरावरून कळेल. दुसरी विनंती मुंबई, कोल्हापूर, सावंतवाडी व गोवें येथील चित्रकारांच्या वंशजांस व त्यांच्याकडून चित्रें घेतलेल्यांस आहे. त्या पिढीच्या घरांत आई, पत्नी, बहीण, मुलगी यांस समोर बसवून काढलेलीं चित्रें अद्याप पुष्कळ असतील, व ‘ही आमची आत्या’ असें सांगणारें माणूसही एखाद्या घरीं अजून असेल. ती स्त्री कोण, चित्र कोणत्या सालीं, कोणत्या घरांत, दिवसा कीं दिव्याच्या उजेडांत काढलें, किती बैठका झाल्या, हें त्यांच्या तोंडून ऐकून तारीख घालून लिहून घ्यावें, सांगणाराची सही घ्यावी, आणि तो कागद चित्राबरोबर पण निराळा ठेवावा. चित्राच्या पाठीवर मात्र शाईनें कांहीं लिहूं नये. जलरंगाच्या कागदांतून शाई पुढें फुटते.